न झालेली तपासणी

कुंदा,

तुला जाऊन पाच महिने झाले आणि काल मी मिलिंदला डॉक्टरांच्या चौकशी समितीपुढे बसवलं. तू नको म्हणाली होतीस. दोनदा म्हणाली होतीस, एकदा दवाखान्यात आणि एकदा घरी, पोळ्या लाटताना. दोन्ही वेळा मी गप्प बसलो आणि तू ते माझं ‘बरं’ समजलीस. ते ‘बरं’ नव्हतं. तू समोर होतीस म्हणून भांडलो नाही, एवढंच.

तुझ्या शिवणवर्गातल्या बायका तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढतायत. मला म्हणाल्या, काका, दोन पानं तुम्ही लिहा, त्यांच्या गोड स्वभावाबद्दल. मी नाही म्हणालो. तुझ्या गोड स्वभावाबद्दल मला आत्ता काही लिहिता येणार नाही. त्याच्यावरच माझा राग आहे.

मिलिंद आपल्याकडे आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. माझा सख्खा धाकटा भाऊ, पण माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आई गेल्यावर त्याला ठेवायचं कुठे हा प्रश्नच तू पडू दिला नाहीस. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या, त्यातली आतली तू त्याला अभ्यासाला देऊन टाकलीस आणि आपण पाच वर्षं स्वयंपाकघरात झोपलो. मेडिकलला गेल्यावर तो खिडकीच्या गजाला दोरा बांधून एका हाताने गाठ मारायचा सराव करायचा. तुझ्या मशीनचं काळं रीळ त्याने असंच संपवलं. तू त्या गाठी सोडवत बसायचीस, दोरा वाया नको म्हणून. आपल्याला मूल झालं नाही. कोणी खोचून विचारलं की तू त्याच्याकडे बोट दाखवायचीस, “हा काय, एवढा घोडा आहे की.”

तोच घोडा पुढे पोटाचा सर्जन झाला. सिंहगड रोडला तीन मजल्यांचं रुग्णालय, दारावर पाटी, ‘अन्ननलिका व पोटाच्या विकारांवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया’. उद्घाटनाला फीत त्याने तुझ्या हातून कापून घेतली. मी हे लपवणार नाही. त्या दिवशी तुझ्याइतकाच मीही फुललो होतो.

तुझं दुखणं सुरू झालं ते लोणी काळभोरच्या लग्नात. पंगतीत तुझ्या घशाखाली जिलबी अडकली. पाणी प्यायलीस तर पाणीही परत वर आलं. तू उठून हात धुवायच्या जागी गेलीस, मी मागोमाग आलो. माझी चुलतवहिनी तिथे म्हणाली, “काय वो, जेवान आवडलं न्हाई का?” तू तोंड पुसत म्हणालीस, “जेवण आवडलं हो, जेवणाला मी आवडत नाहीये.” सगळ्या हसल्या. मी तुझा हात धरला होता, तो गार पडला होता.

मग ते वाढत गेलं. प्रत्येक घासानंतर गरम पाणी. जेवताना मधेच उभी राहायचीस, दोन्ही हात वर करायचीस, पाठ ताणायचीस, मग घास उतरायचा. झोपताना तीन उशा, आणि सकाळी वरच्या उशीवर ओला डाग. छातीत जळजळ. मिलिंदने दुर्बीण घालून आत पाहिलं आणि म्हणाला, “ॲसिडिटी आहे वहिनी. जठराच्या तोंडाची झडप सैल झालीय, आम्ल वर येतं. घट्ट करून टाकतो. पाच भोकं, तिसऱ्या दिवशी घरी.” जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळायचा, मफलर गुंडाळतात तसा, असं त्याने कागदावर काढून दाखवलं. चित्र छान काढलं होतं.

मी विचारलं, “आधी आणखी काही तपासण्या लागतात का?”

तो हसला. “दादा, ही तुझ्या फॅक्टरीतली वस्तू नाहीये.”

खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात मी तेहतीस वर्षं काढली. माल बनवणारे वेगळे, आम्ही फक्त तपासायचो. शिक्का आमचा. न तपासलेल्या नगावर तपासल्याचा शिक्का मारणं, याहून मोठा गुन्हा आमच्याकडे नव्हता. त्यासाठी माणूस घरी बसवला जायचा आणि कोणी त्याची बाजू घ्यायचं नाही. एवढं सगळं अंगात भिनलेला माणूस मी, धाकट्या भावाच्या एका वाक्यावर गप्प झालो. तो हसला म्हणून मीही हसलो.

घाई का होती, ते नंतर कळलं. त्या शनिवारी त्याच्याकडे बाहेरगावचे डॉक्टर शिकायला येणार होते. मिलिंद आत शस्त्रक्रिया करणार आणि ते वरच्या मजल्यावर पडद्यावर बघणार. त्याला त्या दिवसासाठी पेशंट हवा होता. तू हसून म्हणालीस, “घ्या, साठीच्या उंबरठ्यावर सिनेमात काम मिळालं.” संमतीपत्रावर तू सही केलीस, खाली मी केली.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. दोन तासांनी वरच्या मजल्यावरून टाळ्या ऐकू आल्या. तुला मी हे कधी सांगितलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं, कुंदा. मला वाटलं, टाळ्या वाजल्या म्हणजे तू सुटलीस.

पुढचे चौदा महिने मला लिहायचे नाहीत, पण लिहितो. कारण समितीपुढे मिलिंदच्या बाजूने त्यांचं एक वाक्य झालं, ‘शस्त्रक्रियेनंतर काही काळ गिळण्यास त्रास’. काही काळ. तुला आधी घास उतरत नव्हता, आता पाणीही उतरेना. मिलिंद म्हणाला सूज आहे, सहा आठवड्यांत उतरेल. सहाचे बारा झाले. त्याने दोनदा आत फुगा घालून तो भाग ताणून पाहिला. तू ताक, पेज आणि डाळीचं पाणी यांवर राहिलीस. शिवणवर्गात इतरांचे ब्लाउज मापात बसवणारी तू, स्वतःचे दर महिन्याला आत घेत गेलीस. साठलेलं अन्न झोपेत वर येऊन श्वासनलिकेत जायचं. तीनदा न्यूमोनिया झाला. आणि तिसऱ्या वेळी तुझा तो घोडा मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, वहिनीच्या मनाने धास्ती घेतलीय. आत सगळं उत्तम आहे. एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखव.”

मी म्हटलं, दुसऱ्या सर्जनकडे जाऊ. तू म्हणालीस, “अहो, मिलिंदला काय वाटेल?”

हे तुझं वाक्य. ह्यावर आपण किती भांडलो. तू बोलता बोलता खोकायचीस आणि तुला धाप लागली की मी माघार घ्यायचो. मिलिंदला वाईट वाटू नये म्हणून तू चौदा महिने उपाशी राहिलीस, आणि बायकोला धाप लागू नये म्हणून मी राहू दिलं. तुला माफ करायला मला वेळ लागेल. स्वतःचं तर बघायलाच नको.

शेवटी मी तुला रिक्षात घातलं आणि न विचारता डॉक्टर शेलारांकडे नेलं. बारीक चणीची, चाळिशीची बाई, बोलणं तुटक. तिने तुझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “शस्त्रक्रियेआधी दाबाची तपासणी झाली होती?” आपण दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या दुपारी तिने ती केली. नाकातून एक बारीक नळी, दहा-बारा घोट पाणी, आणि संगणकावर रंगीत आलेख. नळी काढल्यावर तू विचारलंस, “एवढंच?”

“एवढंच,” ती म्हणाली. मग खुर्ची जवळ ओढून तिने सांगितलं, “झडप सैल नव्हतीच, काकू. ती उघडतच नव्हती. अन्ननलिकेची खाली ढकलायची ताकदही गेलीय. न उघडणाऱ्या दाराला त्यांनी बाहेरून आणखी एक कडी घातली.”

तू पहिल्यांदा नको म्हणालीस ते तिथे. डॉक्टर बाहेर गेल्या आणि तू माझा दंड धरलास. “हे आपल्या घरातच राहू दे. त्याचं नाव कुठे घ्यायचं नाही.”

दुसरी शस्त्रक्रियाही दुर्बिणीतूनच झाली, बहुतेक त्याच जुन्या भोकांतून. शेलारांनी मिलिंदने गुंडाळलेलं सगळं सोडवलं आणि अन्ननलिकेच्या टोकाचा आवळलेला स्नायू उभा चिरला. पाच तास लागले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, “झालंय नीट. चहा घ्या जाऊन.” चौथ्या दिवशी तू मऊ भाताचा घास तोंडात घातलास, डोळे मिटलेस, थांबलीस. मग डोळे उघडून म्हणालीस, “गेला.”

त्यानंतरचे आठ महिने मला मिळाले, ते त्या बाईमुळे. आयुष्यात इतका कृतज्ञ मी कोणाचा असेन असं वाटलं नव्हतं. तू खाल्लंस. पोळीच्या करकरीत कडा खाल्ल्यास, दडपे पोहे खाल्लेस, दुसऱ्यांदा मागून आमटी घेतलीस. एकदा माझ्या ताटातली मिरची उचललीस आणि मी बघत राहिलो तर म्हणालीस, “काय बघताय, नजर लागेल.” मी सकाळी मुद्दाम समोर बसायचो, नुसता तुझा गळा बघत. घास खाली जाताना तिथे एक बारीक हालचाल होते. चाळीस वर्षांच्या संसारात मी ती कधी पाहिली नव्हती.

तुझ्यापासून मी एक गोष्ट लपवली. शेलारांनी मला जिन्यात सांगितलं होतं, “फुफ्फुसं फार खराब झालीत. सहा महिने आधी आला असतात, तर.” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मीही तुझ्यापाशी केलं नाही. थंडीत तुला साधा ताप आला, तिसऱ्या दिवशी श्वास लागला, अकराव्या दिवशी तू गेलीस. मिलिंद सगळे अकरा दिवस तिथे होता. स्मशानात त्याने तुला खांदा दिला. मी देऊ दिला. तुझ्या कपाटातलं ते पान तेव्हा मला सापडलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर तुझं कपाट उघडलं. ब्लाउजच्या कागदी मापांचा गठ्ठा होता, बायकांची नावं लिहिलेला. त्यात एक पान निघालं. मिलिंदच्या रुग्णालयातल्या तुझ्या फाइलीतलं, शस्त्रक्रियेआधीच्या नोंदींचं. शेलारांनी जुनी फाइल मागितली तेव्हा ती आणायला तू एकटीच गेली होतीस, हे मला आठवलं. म्हणजे तिथून मिळालेल्या प्रतींतून हे एक पान तू काढून ठेवलंस. वर रुग्णालयाचा शिक्का, खाली मिलिंदची सही. मधे ओळ, ‘अन्ननलिकेची दाब तपासणी: नॉर्मल’.

तेहतीस वर्षं हीच एक गोष्ट मी होऊ दिली नव्हती, आणि ती माझ्या घरात, माझ्या बायकोवर झाली होती.

तुला माहीत होतं. तू ते पान माझ्यापासून लपवलंस, शेलारांपासूनही लपवलंस. पण तू ते फाडलं नाहीस, कुंदा. तुझ्या हाताशी सतत कात्री असायची. का नाही फाडलंस? मी खूप विचार केला आणि शेवटी तो तुझा होकार धरला. चूक असेन तर असेन. तुला विचारायची सोय नाही.

मी तक्रार करणार हे मिलिंदला कुठून तरी कळलं. एका रविवारी सकाळी आला. दारात चपला काढून उभा राहिला, आत ये म्हणायची वाट बघत. मी म्हटलं नाही. तो आला.

मी एकच विचारलं, “तपासणी केली होतीस का?”

“नाही,” तो म्हणाला. “माझ्याकडे ते यंत्र नव्हतं. बाहेर पाठवायला लागलं असतं, शनिवार हुकला असता. मला खात्री होती, दादा.”

पानाचं मी काही बोललो नाही.

मग त्याने फोन काढला. “वहिनीने मला माफ केलं होतं,” म्हणाला आणि तुझा आवाज लावला. जाण्याच्या महिनाभर आधी तू त्याला पाठवलेला. ‘मिलिंद, झालं ते झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा वेळेवर. दादाचं मी बघते, ते थोडे दिवस धुमसतील.’ मधे एकदा खोकलीस. मी त्याला म्हटलं, पुन्हा लाव. त्याने लावला. तो रडत होता. मी रडलो नाही. मला तुझा आवाज ऐकायचा होता, पण त्याच्या फोनवरून नाही.

मी म्हटलं, “तिने माफ केलं तो तिचा प्रश्न. माझं एक ऐक. त्या शनिवारी वर बसून टाळ्या वाजवणारे जे डॉक्टर होते, त्यांना बोलाव. त्यांच्यासमोर उभं राहून सांग की मी तपासणी केली नव्हती आणि त्यामुळे ती बाई गेली. एवढं केलंस तर मी तक्रार करणार नाही.”

“माझं सगळं संपेल, दादा.”

“माझं संपलंय,” मी म्हटलं.

तो गेला. मी तक्रार लिहिली. ते पान जोडलं नाही. वकील म्हणाले, अहो, हाच तर पुरावा. मी म्हटलं, राहू दे माझ्याकडे, आधी तो काय लिहितो ते बघू. तुला हे आवडणार नाही. तुझ्या नवऱ्यात इतका काळा कोपरा आहे हे तुला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी भावासाठी सापळा लावला, आणि त्यात तो चालत यावा म्हणून दीड महिना रोज टपालाची वाट बघितली.

वकिलांशी आणखी एका गोष्टीवर वाद झाला. तक्रारीच्या शेवटी मी एक ओळ घातली होती, ‘संमतीपत्रावर माझी सही आहे. तपासणीचा कागद बघायला मागणं माझ्या हातात होतं. मी मागितला नाही.’ ते म्हणाले, ही काढा, समोरचा हिचाच फायदा घेईल. मी काढली नाही. सूड घ्यायचा तर यादी पुरी हवी.

मिलिंदचं उत्तर आलं. त्याच्या वकिलाने लिहिलं होतं की रुग्ण ही डॉक्टरांची जवळची नातेवाईक असून, वारंवार समजावूनही तिने दाबाची तपासणी करून घेण्यास नकार दिला. सोबत फाइलीची प्रत. त्यात त्या पानाच्या जागी नवं पान, ‘तपासणी: रुग्णाचा नकार’.

तुझा नकार, कुंदा. तू, जी त्याला आयुष्यात कशालाच नाही म्हणाली नाहीस. तोवर माझ्या मनात कुठेतरी खिडकीच्या गजापाशी उभा असलेला तो मुलगा होता. त्या ओळीनंतर तो राहिला नाही.

काल सुनावणी झाली. तीन डॉक्टर, मधोमध एक वयस्कर बाई. मिलिंद पांढऱ्या शर्टात, माझ्यासमोर. बाईंनी त्याला विचारलं, “तपासणीला नकार दिला, हे तुमचं म्हणणं?”

“हो, मॅडम. वहिनींना नळीची भीती वाटत होती.”

“नक्की?”

“हो.”

मग मी उठलो आणि ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं, दुसऱ्या दोघांना दाखवलं, मग त्याच्याकडचं पान शेजारी ठेवलं.

“सही तुमचीच?”

त्याने पान हातात घेऊन परत ठेवलं.

“डॉक्टर, नकार दिला होता की नॉर्मल होती? दोन्हीपैकी एक सांगा.”

तो माझ्याकडे बघत होता. लहानपणी परीक्षेचा निकाल सांगायच्या आधी बघायचा, तसा. मी नजर काढली नाही. मला त्याचं तोंड उघडताना बघायचं होतं. मग तो म्हणाला, “तपासणी झाली नव्हती.”

“मोठ्याने सांगा, लिहून घ्यायचंय.”

“तपासणी झाली नव्हती.”

मग बाईंनी माझी शेवटची ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, “हे तुम्ही लिहिलंय? ठेवायचंय?” मी म्हटलं, “ठेवा.”

बाहेर जिन्यात तो “दादा” म्हणाला. मी थांबलो नाही.

रस्त्यावर आलो तर ऊन होतं, एक वाजला होता. मला वाटत होतं, आज काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही, फक्त भूक लागली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. कोपऱ्यावरच्या खानावळीत शिरलो, पोळी-भाजी मागवली. पहिला घास धड चावलाही नव्हता. तो सरळ खाली गेला, पाण्याचा घोट न घेता, हात वर न करता, काहीच न करता. मला त्या घासाचा इतका राग आला की ताट सरकवून उठलो. वाढणारा म्हणाला, “काय झालं आजोबा, गार आहे का?” मी म्हटलं, “नाही, चांगलं आहे.”

परत बसलो आणि सगळं संपवलं. आणखी एक पोळी मागून घेतली. पुढच्या महिन्यात निकाल आहे, आणि मला तिथे शेवटपर्यंत ताठ बसायचंय.